नणंद, भावजय आणि एक नकाशा

डोंगरातल्या एका शर्यतीसाठी जोडीदार म्हणून मला घेताना ताईंनी एकच अट घातली. डोंगरावर त्यांना नुसतं ‘हो ताई’ म्हणायचं नाही. पटलं तर का पटलं ते सांगायचं, पटलं नाही तर तिथल्या तिथे थांबवायचं.

ताई म्हणजे माझी मोठी नणंद. ‘हो ताई’ म्हणण्याचा माझा सराव दांडगा आहे. साताऱ्याच्या घरी मोदकांच्या सारणात गूळ किती इथपासून मुलांना मराठी वाचायला कधी शिकवायचं इथपर्यंत सगळं त्या सांगतात, मी मान डोलावते आणि नंतर बरेचदा मला हवं तेच करते. घरात हे खपतं. घरं चालतातच मुळी अशा मान डोलावण्यावर. त्यांच्या हे कधी लक्षात आलं नसावं असं मी समजून होते. अट ऐकल्यावर कळलं की बाईंना सगळं ठाऊक आहे.

वर म्हणाल्या, “आणि तिथे अहो-जाहो नको. ‘ताई, तुम्ही जरा थांबता का, मला वाटतं तुमची दिशा...’ एवढं तुझं बोलून होईपर्यंत मी ओढ्यात पडलेली असेन. सरळ ‘थांब’ म्हण.”

शर्यत होती ओएमएम, म्हणजे ओरिजिनल माउंटन मॅरेथॉन. नावात मॅरेथॉन असली तरी बेचाळीस किलोमीटरशी तिचा काही संबंध नाही. ऑक्टोबरअखेरचा शनिवार-रविवार, ब्रिटनमधला दर वर्षी वेगळा डोंगराळ मुलूख आणि दोघांची जोडी. तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, खाणंपिणं सगळं आपल्याच पाठीवर. वाट कोणी आखून दिलेली नसते. नकाशावर काही खुणा असतात आणि त्या जागी जमिनीवर एक छोटा नारिंगी-पांढरा झेंडा नि एक इलेक्ट्रॉनिक डबी. हे ‘कंट्रोल’. मनगटाला बांधलेली कांडी, तिला ‘डिबर’ म्हणतात, त्या डबीत खुपसली की पीं वाजतं आणि तुम्ही तिथे पोचल्याची नोंद होते. जीपीएसवर वाट शोधायला बंदी. मोबाइल संकटापुरता, बंद करून पाठपिशवीच्या तळाशी.

१९६८ साली गेरी चार्नली नावाच्या ओरिएंटियरिंगवेड्या, म्हणजे नकाशा आणि होकायंत्रावर वाट शोधत पळण्याच्या खेळाने झपाटलेल्या, गृहस्थांनी ही शर्यत सुरू केली. लँकेशरमधली कॅरीमॉर ही पाठपिशव्यांची कंपनी तिची प्रायोजक होती, त्यामुळे जुनी खोडं अजून तिला ‘द कॅरीमॉर’च म्हणतात. ओरिएंटियरिंग हा खेळ त्याहून बराच जुना. उगम स्कँडिनेव्हियातल्या सैन्याच्या कवायतीत. पहिली जाहीर स्पर्धा नॉर्वेत १८९७ साली झाली. पुढे १९१९ मध्ये स्वीडनमध्ये एर्न्स्ट किलांडर नावाच्या मेजरने, तरुण पोरं मैदानी शर्यतींना कंटाळली आहेत हे बघून, त्यांच्या हातात नकाशा आणि होकायंत्र देऊन त्यांना जंगलात सोडलं. मैदानावर जो सर्वांत जोरात पळतो तो जिंकतो, जंगलात तोच सर्वांत जोरात भलतीकडे जाऊ शकतो. हे मला फार न्याय्य वाटतं.

चार्नलींच्या शर्यतीची गोम मात्र जोडीत आहे. कारण अगदी व्यवहारी: धुक्यात एकाचा पाय मुरगळला तर दुसऱ्याने तंबू उभारायचा, चहा करायचा, गरज पडली तर मदत आणायला जायचं. म्हणून दोघांनी सतत एकत्र राहायचं, कंट्रोललाही एकत्रच पोचायचं. पुढे पळून गेलेल्याला काही मिळत नाही. जोडीचा वेग म्हणजे जो मागे असेल त्याचा वेग. ताई पन्नाशी ओलांडलेल्या, उतारावर त्यांचे गुडघे कुरकुरतात. मी चाळिशीच्या अलीकडची, पण नकाशा वाचण्यात त्यांच्या पासंगालाही पुरत नाही. तंबू आणि स्टोव्ह माझ्या पाठीवर, नकाशा त्यांच्या हातात. वजनाची वाटणी अशी सोपी होती.

वजनाबद्दल एक सांगितलंच पाहिजे. स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीजजवळच्या ताईंच्या स्वयंपाकघरात, एरवी केकसाठी मैदा मोजायच्या काट्यावर, आदल्या संध्याकाळी आमचं सगळं सामान चढलं. टूथब्रशची दांडी अर्धी कापली गेली. माझा जाडा टॉवेल बाद. सुती मोजे बाद, त्यांच्याबद्दल तर मला व्याख्यानच ऐकावं लागलं. कोरड्या सामानाला प्लॅस्टिकची दुहेरी पिशवी. खाणं मात्र साताऱ्याचं: तूप, मोहरी, कढीलिंब, मिरचीची फोडणी घालून खरपूस भाजलेला रवा, त्यातच मीठ-साखर, छोट्या पिशव्यांत भरलेला. वर उकळतं पाणी ओतायचं, पाच मिनिटं झाकायचं. बाकीच्यांची महागडी पाकिटं मी चाखून पाहिलेली आहेत, त्यामुळे हे अभिमानाने लिहिते आहे. शिवाय चिक्की, आणि लिंबाचं लोणचं डोळ्यांच्या थेंबांच्या धुतलेल्या बाटलीत. ताई डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे अशा बाटल्यांना तोटा नाही.

मी मूळची डोंबिवलीची. कॉलेजात असताना रविवारी पहाटेच्या कसारा किंवा कर्जत लोकलने निघायचं आणि एखादा गड गाठायचा, हे माझं डोंगरातलं शिक्षण. सह्याद्रीत मी नकाशा असा कधी वापरलाच नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटची झेरॉक्स ग्रुपमधल्या एखाद्या हौशी मुलाकडे असायची, पण ती कपाळाला लावण्यापुरती. खरी वाट विचारून मिळायची. पायथ्याच्या गावात पहिल्या घरी पाणी मागायचं, “मामा, गडाची वाट कुठली?” म्हणायचं. मामा हाताने एक डोंगरसोंड दाखवणार, “ह्या सोंडंनं वर जावा, पदरात आंब्याचं झाड लागंल, तिथून डाव्या अंगाला.” पदरात, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवर, आंब्याची चार झाडं. मग एखादा गुराखी. मग दगडावर चुन्याने काढलेला बाण. आणि चुकलोच तर कारण बहुतेक वेळा एकच, ढोरवाट. गुरांच्या पायांनी पडलेली, माणसांच्या वाटेपेक्षा जास्त मळलेली, ऐटीत निघणारी आणि कारवीच्या रानात नेऊन गुपचूप संपणारी.

स्कॉटलंडच्या दक्षिणेला गॅलोवेचा जो मुलूख आहे, तिथे त्या वर्षीची शर्यत होती. तिथे मामा नाहीत. मेंढ्या आहेत, त्यांच्याही वाटा आहेत, आणि त्या ढोरवाटांइतक्याच दगाबाज आहेत. तिथला सर्वांत उंच डोंगर मेरिक, ८४३ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. हा आकडा मी घरी फोनवर सांगितला तेव्हा सासरे म्हणाले, “मग काय, टेकडीच की!” उंचीच्या आकड्यात तिथलं गवत धरलेलं नसतं. मोलिनिया नावाचं हे गवत गुडघ्याएवढ्या बुंध्यांनी वाढतं. बुंध्यावर पाय ठेवावा तर तो हलतो, दोन बुंध्यांमध्ये ठेवावा तर खाली काळा चिखल. त्याच्या मधून ग्रॅनाइटच्या शिळा, आणि जिथे जमीन सपाट दिसते म्हणून हायसं वाटावं तिथे नेमकी दलदल.

आम्ही ‘मीडियम स्कोअर’ या गटात होतो. म्हणजे पहिल्या दिवशी सहा तास, दुसऱ्या दिवशी पाच. डोंगरभर पसरलेल्या कंट्रोलांपैकी जमतील तितके, वाटेल त्या क्रमाने घ्यायचे. जवळच्या कंट्रोलला कमी गुण, लांबच्या नि अडचणीच्या जागी जास्त. ठरल्या वेळेपेक्षा उशीर झाला की मिनिटागणिक गुण कापले जातात, फार उशीर झाला तर सगळ्यावर पाणी.

कंट्रोल छापलेला नकाशा हातात पडतो तोच मुळी घड्याळ चालू झाल्यावर. १:४०,००० प्रमाणाचा, पाण्याने न भिजणारा. एक सेंटिमीटर म्हणजे ४०० मीटर. आजूबाजूच्या जोड्या धावत सुटल्या आणि आम्ही दोघी एका दगडाला टेकून खाली बसलो. मला जीव नकोसा झाला होता. ताई शांतपणे नखाने रेघा ओढत होत्या. “पळू दे त्यांना. पाच मिनिटं इथे बसलं की पुढे पाऊण तास वाचतो. आता बोल, ही घळ आधी घ्यायची की हा तलाव?”

मी म्हणाले, “घळ.” सवयीने, कारण त्यांनी ती आधी उच्चारली होती.

“का?”

मला का ते सांगता येईना. मग मी खरोखर बघितलं. तलावाकडून गेलं तर चढ एकदाच चढावा लागत होता. “तलाव आधी,” मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि उठल्या.

चालण्याचा अंदाज बांधायला इथले लोक विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा ठोकताळा वापरतात: सपाटीवर तासाला पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जादा. नेस्मिथ साहेब धट्टेकट्टे असावेत. ताई त्यावर आपला ‘गवताचा कर’ लावतात, मोलिनियाचा पट्टा लागला की वेळ सरळ दुप्पट धरायचा. नकाशावर हे गवत दाखवलेलं नसतं, ते लांबून पिवळटतांबूस रंगावरून ओळखावं लागतं. ऑक्टोबरअखेर सगळाच डोंगर त्या रंगाचा असतो, ही गोष्ट वेगळी.

काही युक्त्या मला फार आवडल्या. अंगठा नकाशावर आपण जिथे आहोत तिथेच ठेवायचा आणि चालू तसा सरकवत न्यायचा. ताईंच्या अंगठ्याचं नख सुरीसारखं त्या जागेवर रुतलेलं असतं. पावलं मोजायची: डावा पाय जमिनीला लागला की एक, असे सपाटीवर पासष्टच्या आसपास झाले की त्यांचे शंभर मीटर. चढावर, गवतात तो आकडा ऐंशीच्या वर जातो. त्या मोजत असताना बोलायचं नाही, हा आणखी एक नियम. आणि सर्वांत गमतीची युक्ती म्हणजे मुद्दाम चुकणं. समजा ओढ्याच्या काठावर कुठेतरी कंट्रोल आहे. थेट त्यावर नेम धरून गेलात आणि ओढ्याला पोचल्यावर झेंडा दिसला नाही, तर तो डावीकडे राहिला की उजवीकडे, कळायला मार्ग नाही. म्हणून आधीच पन्नास-शंभर मीटर डावीकडे नेम धरायचा. ओढा लागला की डोळे झाकून उजवीकडे वळायचं. अचूक असण्याचा आव आणण्यापेक्षा आपली चूक कुठल्या बाजूची आहे ते माहीत असणं परवडतं. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, लोकांच्या कामात खोट शोधण्याचा मला पगार मिळतो, त्यामुळे ही युक्ती मला लगेच आपली वाटली.

मेरिकच्या माथ्यापर्यंत आमचं बरं चाललं होतं. माथ्यावर धुकं आलं. सह्याद्रीत पावसाळ्यातलं धुकं निदान मऊ असतं, वारा आला की फाटतं, खाली कोकण दिसून जातं. हे धुकं वाऱ्यासकट होतं आणि वाऱ्याने फाटत नव्हतं. पुढचा कंट्रोल पूर्वेच्या उतारावर, लॉख एनॉख नावाच्या मोठ्या तलावाच्या बाजूला, दोन ओढ्यांच्या संगमावर. ताईंनी होकायंत्र लावलं आणि आम्ही उतरू लागलो. त्या मोजत होत्या, मी मागे.

अशा वेळी डोकं काय करतं ते बघण्यासारखं आहे. गावाकडे म्हणतात चकवा लागला: माणूस रात्रभर चालतो आणि सकाळी त्याच वडाखाली असतो. लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेलं, रानात चकवा लागला तर तिथेच बसावं, चालू नये. जर्मनीतल्या ट्यूबिंगनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये याची परीक्षाच घेतली. लोकांना जर्मनीतल्या घनदाट जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सोडून ‘सरळ चाला’ म्हणून सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. ढग आले, चंद्र मावळला, की गोल गोल फिरून आपलीच वाट ओलांडू लागली, आणि त्यांचं त्यांना कळतही नव्हतं. त्यातले बरेच जण आपण सरळच चाललो याबद्दल निःशंक होते. एक पाय दुसऱ्याहून लांब असतो म्हणून असं होतं हा जुना समज त्यांनी खोडून काढला. त्यांच्या मते शरीराचा ‘सरळ’चा अंदाजच थोडाथोडा घसरत जातो. आजीचं शास्त्र पक्कं होतं म्हणायचं, बसावं, चालू नये.

या प्रयोगात माणसं एकेकटी चालली होती. दोघं असली तर काय होतं, यावर माझं मत आहे ते असं. एकटा माणूस घाबरतो आणि घाबरतो म्हणून तपासतो. दोघं असली की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने तपासलंय. पुढचा ठामपणे चालतो कारण मागचा काही बोलत नाही, मागचा बोलत नाही कारण पुढचा ठामपणे चाललाय. दोघांची खात्री एकमेकांवर उभी राहते आणि खाली जमीन कुठेच नसते. कचेरीतल्या कितीतरी बैठका मी अशाच संपलेल्या पाहिल्या आहेत. सगळ्यांनी माना डोलावल्या, कोणीच वाचलं नव्हतं.

ओढा लागला. ताई म्हणाल्या, “हाच. याच्या काठाने खाली, दोनशे मीटरवर संगम.” आणि वळल्या.

मी पाण्याकडे बघत होते. मग गळ्यातलं होकायंत्र पाण्याच्या दिशेला लावलं. नकाशावरचा आमचा ओढा आग्नेयेला उतरत होता. हे पाणी चाललं होतं ईशान्येला.

“ताई, तुम्ही...” मी सुरुवात केली. त्या दहा पावलं पुढे गेल्या होत्या. “थांब!” मी ओरडले.

त्या थांबल्या. नकाशा माझ्यापुढे धरला. ओढा वळणं घेतो, पुढे फिरेल, असं त्यांचं म्हणणं. एवढ्याशा वळणाने नव्वद अंश फिरत नाही, असं माझं. वारा कानात शिरत होता, त्यामुळे दोघी ओरडूनच बोलत होतो. कोणी ऐकलं असतं तर नणंद-भावजयीचं वाटण्यांवरून भांडण चाललंय असंच वाटलं असतं. शेवटी ताईंनी नियम काढला: वाद मिटत नसेल तर शेवटच्या खात्रीच्या जागी परत. ती जागा होती वर, एक मोठी दुभंगलेली शिळा, ज्यावर आम्ही दोघींनी हात ठेवला होता. साठेक मीटरचा चढ. त्या गुडघ्यांनी.

शिळेपाशी पुन्हा दिशा लावली तेव्हा उलगडा झाला. वारा उजव्या अंगाने मागून येत होता. गारा टोचायला लागल्या की आपण नकळत मान डावीकडे फिरवतो, आणि मान फिरली की पावलंही तिकडे वळतात. इथे धार दोन सोंडांत फुटते. आम्ही डावीकडची धरली होती. दोन्ही सोंडांच्या कडेला एकेक ओढा, दोन्ही सारख्याच रुंदीचे. पलीकडचा संगम मिळाला, झेंडा मिळाला, पीं वाजलं. वेळेचा हिशोब मांडून ताईंनी पुढचे दोन कंट्रोल सोडून दिले, आणि त्यावर एक शब्दही बोलल्या नाहीत. चिक्की काढली, मोठा तुकडा मला दिला.

रात्रीचा तळ म्हणजे एका ओल्या माळावर शेकडो चिमुकले तंबू. ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी मध्यरात्रीनंतर ब्रिटनमधली घड्याळं एक तास मागे जातात, त्यामुळे आधीच लांबलेली रात्र आणखी एका तासाने लांबते. सहाच्या सुमारास अंधार, उजाडायला दुसऱ्या दिवशीचे सात. एवढा वेळ दोघींनी एका तंबूत, जिथे एकीने कूस बदलली तर दुसरीला बदलावी लागते. गॅलोवेचं जंगल २००९ पासून ब्रिटनमधलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून प्रसिद्ध आहे, आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते म्हणतात. आम्हाला तंबूचं कापड दिसलं.

उपमा मात्र सुरेख झाला. शेजारच्या तंबूतल्या दोन आजोबांना फोडणीचा वास गेला आणि त्यांनी डोकं बाहेर काढून विचारलं, हे काय आहे. एक पिशवी त्यांना दिली. मोबदल्यात त्यांनी व्हिस्कीचं औषधी बाटलीएवढं काहीतरी दिलं. सासूबाई हे वाचणार आहेत म्हणून इथे थांबते.

पावसाचा जोर वाढला तसा २००८ चा विषय निघाला. ओएमएमवाल्यांच्या तळावर पाऊस आला की तो निघतोच. त्या वर्षी शर्यत लेक डिस्ट्रिक्टमध्ये, बॉरोडेल खोऱ्यात होती. तिथलं सीथवेट हे वस्ती असलेल्या ठिकाणांपैकी इंग्लंडमधलं सर्वांत जास्त पावसाचं म्हणून ओळखलं जातं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. महाबळेश्वरवाल्यांना याचं काही वाटणार नाही, पण त्या शनिवारी वादळ आणि पूर एकदम आले. अडीचेक हजार लोक डोंगरात होते. शर्यत रद्द झाली, रस्ते पाण्याखाली गेले, आणि संध्याकाळपासून बातम्यांत सुरू झालं की सतराशे माणसांचा पत्ता नाही. देशभर खळबळ. प्रत्यक्षात ती माणसं गोठ्यांत, खाणीच्या इमारतीत किंवा आपापल्या तंबूत होती, स्टोव्हवर सूप करत. काहींना इजा झाली, पण दगावलं कोणी नाही. ताईंच्या क्लबातला एक जण त्यात होता. तो मेंढ्यांच्या गोठ्यात गवतावर गाढ झोपला होता आणि घरी बायको टीव्हीवर त्याची शोधमोहीम बघत होती.

त्यानंतर वाद बराच रंगला. बेजबाबदार आयोजन म्हणावं, की याच दिवसासाठी तर सगळ्यांच्या पाठीवर तंबू असतो असं म्हणावं? डोंगरातले लोक दुसरी बाजू घेतात आणि मलाही ती जास्त पटते. पण त्या बायकोची बाजू कुठल्याच लेखात मी वाचलेली नाही. ताईंना हे म्हटलं तर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “तुझ्या नवऱ्याला मी आधीच सांगून ठेवलंय, बातम्या बघू नकोस म्हणून.”

दुसऱ्या दिवशीच्या सकाळीबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. ओले मोजे पुन्हा पायात चढवणं, एवढं एकच. आकाश उघडलं होतं, वाटा दिसत होत्या, आणि दिसायला लागलं की या खेळातली निम्मी मजा जाते, हे माझं मत सर्वांना मान्य होणार नाही. पाइनच्या लागवडीतून एक लांब कच्चा रस्ता तुडवला, एका पडक्या मेंढवाड्यातला कंट्रोल घेतला, अंगावर कोरडं ऊन घेतलं.

खरा प्रसंग आला शेवटच्या तासात. पन्नास मिनिटं उरलेली. सरळ गेलो तर अर्ध्या तासात शेवट. पण उजव्या हाताच्या टेकाडामागे तीस गुणांचा एक कंट्रोल, आदल्या दिवशी सोडून दिलेल्यांची बरीचशी भरपाई. ताईंचे डोळे चमकले. “जमतंय,” त्या म्हणाल्या. “चढ सव्वाशे मीटर. नेस्मिथ लाव.”

मी नेस्मिथ लावला. मग टेकाडाच्या रंगाकडे बघितलं, तिथल्या गवताकडे. ताईंच्या गुडघ्याकडेही बघितलं, पण ते बोलले नाही. “नाही,” मी म्हणाले. “कर धरलेला नाहीस.”

आमचा ठराव होता की जी जास्त सावध असेल तिचं ऐकायचं. ठरवताना दोघींना वाटत होतं की सावध त्याच असणार. त्या दोन क्षण टेकाडाकडे बघत राहिल्या.

“बरं,” म्हणाल्या, आणि सरळ वाटेला लागल्या. माझं ‘नाही’ त्यांनी एका शब्दात घेतल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. नंतरची वीस मिनिटं मी त्याच विचारात चालले, त्यामुळे एका खड्ड्यात कंबरेपर्यंत गेले. मला ओढून काढताना त्या इतक्या हसल्या की दोघी पुन्हा आत जायच्या बेतात होतो.

शेवटच्या रेषेवर सामानाची तपासणी झाली: शिट्टी, बॅटरीचा दिवा, सर्व्हायव्हल बॅग. तपासणाऱ्या बाईंनी राखीव खाणं दाखवायला सांगितलं तेव्हा ताईंनी उरलेली चिक्की काढून तिच्यातल्या उष्मांकांबद्दल डॉक्टरी थाटात माहिती दिली. वेळ संपायला अजून बरीच मिनिटं होती. आणि तिथेच सुरू झालं.

“एवढा वेळ होता,” ताई घड्याळ माझ्यापुढे नाचवत म्हणाल्या. “झाला असता तो कंट्रोल.”

“नसता झाला.”

“तू सपाटीवरचा वेग धरलास.”

“मी गवत धरलं, ताई. तुम्ही नाही धरलंत.” चिखलातून डांबरी रस्त्यावर पाय पडल्याबरोबर ‘तुम्ही’ परत आलं होतं.

तो वाद अजून मिटलेला नाही. दिवाळीत साताऱ्याला अंगणात नकाशा पसरून झाला, सासऱ्यांनी पंच म्हणून ताईंच्या बाजूने निकाल दिला, तो मी अमान्य केला कारण त्यांनी ते गवत बघितलेलं नाही. परवा ताईंनी फोनवर एक फोटो पाठवला: त्याच नकाशावर टेकाडाला उत्तरेकडून वळसा घालणारी लाल रेघ, बाजूला ‘३८ मि.’ असं लिहिलेलं, आणि खाली, पुढच्या वर्षी ‘लाँग स्कोअर’ला नाव देऊ या का. लाँगला पहिल्या दिवशी सात तास असतात, दुसऱ्या दिवशी सहा. मी रेघ मोठी करून बघितली. ती एका दलदलीतून जाते.